टाके चवीनुसार

आपल्याकडच्या जुन्या पाककृतींच्या पुस्तकांत एक शब्द हमखास असतो, 'चवीनुसार'. बाकी सगळं वाटी-चमच्यांत मोजून सांगतील, मीठ मात्र चवीनुसार. ज्याला स्वयंपाक येतो त्याला हा शब्द लागत नाही आणि ज्याला येत नाही त्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. गोधडीच्या जगातसुद्धा हेच मीठ आहे हे मला गेल्या वर्षी कळलं. अमेरिकन क्विल्टच्या नमुन्यांत तुकडे किती इंचांचे कापा, शिवणीला पाव इंच सोडा, इस्त्री कुठल्या बाजूला दाबा, असं आठ-आठ पानं सांगितलेलं असतं. आणि शेवटी एकच ओळ, 'क्विल्ट ॲज डिझायर्ड'. झालं! वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं अस्तर एकत्र धरून ठेवणारे हजारो टाके कुठून कुठे आणि कसे न्यायचे, ते तुमच्या मर्जीवर. आमच्या धंद्यात असं स्पेसिफिकेशन आलं की लोक मीटिंग बोलावतात. इथे मीटिंग कुणाबरोबर घेणार?

साध्या गोधडीत हा प्रश्न फारसा येत नाही. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, कडेने धावदोरा घालत चौकोनात चौकोन असं आत आत सरकत मध्यावर यायचं. आजीची गोधडी तशीच होती. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंद शिवतात तीही कडेकडून आत अशीच, फक्त चारही कोपऱ्यांवर त्या घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी 'फुलं' लावतात, आणि फुलं नसली तर त्यांच्या मते कवंद उघडीच राहते. पण ह्या गोधडीवर चित्र नसतं. जिथे कापडाचंच घर, झाड, माणूस कापून लावलंय, तिथे प्रत्येक टाका काहीतरी बोलतो. आभाळात गोल गोल टीप मारली तर ते ढग होतात, तीच टीप जमिनीवर मारली की चिखल. माणसाच्या चेहऱ्यावरून सरळ रेघ गेली तर तो म्हातारा दिसतो. टाके नकोत म्हणायचीही सोय नाही, कारण टाके नाहीत तर मधला कापूस दोन धुण्यांत गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसणार.

"पण रत्नागिरीत गोधडी हवीच कशाला, थंडी कुठे पडते तुमच्याकडे?" हा प्रश्न पुण्याच्या मित्रांनी विचारून झालेला आहे. त्यांनी जुलैत पहाटे चार वाजता इथे येऊन झोपून बघावं. असो.

तर झालं असं. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तसा मी रत्नागिरीला आलो तो राहिलोच. झाडगावातलं आमचं जुनं घर तेव्हा उभं होतं. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि तिच्यावर झोपाळा, अंगणात वृंदावन, मागे विहीर, चार माड आणि एक रायवळ आंबा. तिथे आत्या एकटी राहायची. पुढे यथावकाश त्या जागेवर इमारत करायचं ठरलं, २०२२ मध्ये घर पाडलं आणि आत्या नाचण्याला आमच्या फ्लॅटमध्ये आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. ह्या रोगात गेलेली नजर परत येत नाही, औषधाने किंवा ऑपरेशनने उरलेली टिकवता येते तेवढंच. तिची टिकवण्यासारखी फारशी उरली नव्हती. आता उजेड आणि अंधार कळतो, बस्.

जुन्या घरात तिला काठी लागत नसे. फ्लॅटमध्ये येऊन वर्ष होत आलं असेल, एक दिवस तिने आईला विचारलं, "वहिनी, मागच्या दारातून विहिरीकडे उतरताना पायऱ्या तीन होत्या की चार?" आईने सांगितलं, चार. आठवड्याने परत तोच प्रश्न. बरं, आत्याची स्मरणशक्ती गेलीय असं अजिबात नाही, भाजीवाल्याचा मागच्या मंगळवारचा हिशोब ती रुपयासकट सांगते. फक्त ते घर पुसट होत चाललं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं जाऊन वीसेक वर्षं झाली, नंतरचं सगळं पायांनी आणि हातांनी पाठ केलेलं, आणि आता पायांखाली ते नाही.

आईने तिसऱ्यांदा उत्तर दिलं नाही. कपाटातून आत्याच्या जुन्या सुती साड्यांचं बोचकं काढलं आणि म्हणाली, "वन्संना घर करून देऊया."

आमच्यात कामाची वाटणी अशी झाली. आईने ऐंशीच्या दशकात मशीन भरतकामाचा क्लास केलेला आहे. काळं पायाचं मशीन, त्याचा फूट काढून टाकायचा, कापड रिंगमध्ये ताणायचं आणि रिंग हातांनी सुईखाली फिरवत वेल काढायची. आज यूट्यूबवर 'फ्री मोशन क्विल्टिंग' म्हणून जे शिकवतात ते हेच. पण आता आईचे गुडघे पायडल मारू देत नाहीत, तेव्हा मशीनला मोटर बसवली आणि टीप मारायचं काम माझ्याकडे आलं. चित्र कापून लावायचं आईने, टाके घालायचे मी, आणि कुठले टाके ह्यावर भांडायचं दोघांनी मिळून. शनिवार-रविवार.

ज्यांनी कधी केलं नसेल त्यांच्यासाठी थोडं यंत्राचं सांगतो. एरवी सुईखालचे दाते कापड पुढे ढकलतात म्हणून टाके एकसारखे पडतात. इथे टाक्याची लांबी शून्यावर आणून दात्यांना गप्प बसवायचं, मग सुई जागच्या जागी वर-खाली नाचते आणि कापड तुम्ही सरकवाल तिकडे टाका पडतो. मोटर जोरात आणि हात हळू असेल तर टाके मुंगीएवढे, उलट झालं तर अर्ध्या इंचाचे. चित्र काढताना पेन्सिल स्थिर धरून कागद फिरवावा तसला प्रकार. त्यात घरगुती मशीनला सुई आणि खांब यांच्यामध्ये जागा सहा-साडेसहा इंच, आणि आमची गोधडी पाच फूट बाय चार. मधोमध काम असेल तेव्हा अर्धी गोधडी वळकटी करून त्या बोगद्यातून घालवायची. शिवाय हाताची गोधडी कडेकडून आत जाते, पण मशीनवर मध्यापासून बाहेर जावं लागतं, नाहीतर सुई कापड ढकलत नेते आणि मधोमध फुगा येतो. म्हणजे आजीची सगळी पद्धत उलटी.

आता टाके निवडण्याचं. क्विल्टच्या पुस्तकांतले सल्ले डोळ्यांसाठी असतात. दोरा कापडाच्या रंगाचा घ्या म्हणजे चुका लपतील, लांबच्या डोंगरावर रेघा जवळ जवळ आणि जवळच्या शेतात लांब लांब घ्या म्हणजे खोली दिसेल, पाण्याला आडव्या लाटा, आभाळाला वाऱ्याच्या रेघा. चांगले सल्ले आहेत. पण आमची गोधडी जिला बघायची होती ती बोटांनी बघणार होती. आणि बोटांना रंग तर कळत नाहीच, बारीक रेघही कळत नाही. ब्रेलच्या एका अक्षरातले ठिपके एकमेकांपासून साधारण अडीच मिलिमीटरवर असतात, पण ते कडक कागदावर. कापसावरची टीप म्हणजे ठिपका नव्हे, दोन उंचवट्यांमधली घळ. टिपा पाव इंचापेक्षा जवळ घेतल्या की मधला उंचवटाच राहत नाही, सगळं पुठ्ठ्यासारखं सपाट होतं. पडद्यावर जितकी घनता जास्त तितकं चित्र स्पष्ट. इथे घनता वाढवली की चित्र मरतं.

म्हणून नऊ-नऊ इंचांचे नमुने करायला घेतले. दर रविवारी चहाच्या वेळी आत्याच्या मांडीवर एक नमुना ठेवायचा आणि काही सांगायचं नाही. तिची उत्तरं मी वहीत लिहून ठेवली आहेत. यूट्यूबवर सगळ्यांना पहिला शिकवतात तो वळणावळणाचा टाका, जो स्वतःला कधी छेदत नाही, त्यावर हात फिरवून ती म्हणाली, "शेवया." जांभ्याच्या दगडाला भोकं असतात म्हणून मी मोठ्या हौसेने छोटी छोटी वर्तुळं चिकटून चिकटून घातली होती. सव्वा तास गेला होता त्या नऊ इंचांत. आत्या म्हणाली, "साबुदाणा भिजलाय छान."

आई हसून हसून बेजार. :)

पण नंतर आत्यानेच सांगितलं की जांभ्याची भिंत हाताला भोकांनी कळत नाही. हात भिंतीवरून फिरतो तेव्हा लागतात ते चिऱ्यांचे सांधे. एक आडवी ओळ, तिच्यावरची अर्ध्या चिऱ्याने सरकलेली, परत पहिलीसारखी. तेव्हा भिंतीला फक्त सांध्यांच्या टिपा मारल्या, चिरे फुगीर राहू दिले, प्रत्येक चिरा दोन इंच बाय एक. पंधरा मिनिटांचं काम. तिने ओळखायला दोन सेकंद घेतले.

माडांचंही असंच झालं. मी झावळ्यांवर जीव ओतत होतो, मधला कणा, दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा. त्या दिसायला फारच सुरेख आल्या. पण माड हाताला कळतो तो खोडाच्या वळ्यांनी. खोडावर आडव्या टिपा, त्याही सारख्या अंतरावर नाहीत, खाली जवळ जवळ आणि वर जरा लांब. झावळ्या आईच्या आग्रहाने ठेवल्या. "वन्संना दिसत नसेल, मला दिसतंय," असं तिचं म्हणणं. ह्याच न्यायाने आंब्याला पोपटी पालवीसुद्धा आली, आणि ती फक्त एका फांदीला, कारण रायवळ तसाच फुटायचा, आज एक फांदी, पंधरा दिवसांनी दुसरी.

काही ठिकाणी टाक्याचं काम कापडानेच केलं. दाराला खणाचा तुकडा लावलाय, तो बोटाला लगेच वेगळा लागतो. वृंदावनाला इरकलीचा काठ. अशा जागी वर टीप मारली तर कापडाचा पोत मरतो, तिथे फक्त कडेने एक फेरी. कुठे शिवायचं नाही हे ठरवायलाच जास्त वेळ गेला म्हणा ना. माझ्या वाडिंगच्या पाकिटावर लिहिलं होतं की दोन टिपांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त मोकळी जागा सोडू नका. झोपाळ्यामागची ओटी आम्ही बरोबर चार इंच मोकळी ठेवली आणि तिच्याखाली कापसाचा एक जादा थर घातला, तळहात टेकवला की आत रुतेल असा. युरोपात असं जादा भरून उठाव आणायचं काम शतकानुशतकं चालत आलंय, त्याला ट्रापुंटो म्हणतात. आई त्याला 'उशी' म्हणते.

ह्या सगळ्या शोधात हॅरिएट पॉवर्स भेटली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामीत जन्मलेली बाई. तिच्या दोनच चित्र-गोधड्या आज शिल्लक आहेत. पहिली, बायबलमधल्या प्रसंगांची, १८८६ मध्ये तिथल्या एका कापूस-प्रदर्शनात लोकांनी पाहिली. (त्याच वर्षी इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं, हे आपलं उगाच. रत्नागिरीच्या माणसाला १८८६ म्हटलं की थिबाच आठवणार.) जेनी स्मिथ नावाच्या चित्रकार बाईला ती गोधडी विकत हवी होती, पॉवर्स द्यायला तयार नव्हती. काही वर्षांनी पैशांची अडचण आली तेव्हा दहा डॉलर मागून पाच डॉलरला द्यावी लागली. देताना तिने एकेका चौकोनाची गोष्ट सांगितली आणि स्मिथने ती लिहून ठेवली, म्हणून आज ती चित्रं आपल्याला वाचता येतात. ती गोधडी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे, दुसरी बॉस्टनच्या संग्रहालयात. दुसरीत १८३३ च्या नोव्हेंबरमधल्या उल्कावर्षावाचा एक चौकोन आहे. तो तिच्या जन्माच्या चार वर्षं आधीचा! तिने डोळ्यांनी पाहिलेला नाही, नुसता ऐकलेला.

हे वाचलं त्याच आठवड्यात आमच्याकडे समुद्रावरून वाद चालू होता. झाडगावच्या घरातून समुद्र दिसत नसे, मध्ये घरं आणि माडांची दाटी. पण पावसाळ्यात रात्री गाज ऐकू यायची, मांडवीच्या बाजूने. आई म्हणत होती, जो दिसत नव्हता तो चित्रात कशाला? मी म्हणत होतो, आत्याच्या घरात आहे तो. शेवटी वरच्या कडेला सहा इंचांचा पट्टा समुद्राला दिला, घरापासून लांब, मध्ये गडगा आणि माड. त्यासाठी लाटांचे तीन नमुने केले. पहिला आत्याला "पन्हळी पत्रा" वाटला. खरंच तसाच होता, सगळ्या लाटा एका मापाच्या. दुसऱ्यात लाटा लहान-मोठ्या केल्या तर "केस विंचरलेत का कुणाचे?" तिसऱ्यात लाटांचा नादच सोडला. उजवीकडून डावीकडे लांब आडव्या टिपा, सुरुवातीला दीड दीड इंच अंतरावर, पुढे जवळ येत येत शेवटी पाव इंचावर, आणि तिथे एकदम थांबलेल्या, त्यापुढे मोकळं. हात मऊवरून कडककडे जातो आणि अचानक सुटतो. त्यावर आत्या काही बोलली नाही. परत एकदा हात उजवीकडे नेला आणि पुन्हा फिरवला. मी वहीत 'तिसरा' असं लिहिलं.

घनतेचा एक व्यवहारी त्रास मात्र झाला. टिपा दाट असतात तिथे गोधडी आटते, विरळ असतात तिथे नाही. समुद्राची एक बाजू दाट आणि खालचं अंगण मोकळं म्हटल्यावर खालची कड झालरीसारखी लाटा मारायला लागली. ह्यावर उपाय एकच, सगळीकडची घनता जमेल तितकी जवळपास आणायची. म्हणून अंगणात सारवणाच्या टिपा आल्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हाताचे अर्धगोल उमटतात तसे, एकातून एक निघणारे. हा टाका अमेरिकन पुस्तकांतही आहे, त्याला ते पंखा म्हणतात. आईने मात्र बोट टेकवून सांगितलं, "सारवताना बाई मागे मागे सरकते. दाराकडे तोंड करून काढ." म्हणजे दारापासून सुरुवात नाही, शेवट दारात.

चित्र कुठून बघायचं हाही एक मुद्दा होता. आईने घर समोरून काढलं, पण अंगण आणि विहीर वरून, नकाशात असतात तशी. मला आधी विचित्र वाटलं. मग वारली चित्रातला तारपा नाच आठवला. नाचणाऱ्यांचं रिंगण वरून पाहिलेलं आणि त्यातली माणसं बाजूने काढलेली, आणि आजवर कुणाचं काही अडलेलं नाही. बोटांना तर हेच सोपं. विहीर वरून असल्यामुळे गोल लागते, आणि तिच्याकडे जाणाऱ्या चार पायऱ्या चार ठळक आडव्या टिपा. ह्या टिपा जाड दोऱ्याच्या आहेत. जाड दोरा सुईतून जात नाही, तो हाताने बॉबीनवर गुंडाळायचा, बॉबीन केसचा स्क्रू जरा सैल करायचा आणि गोधडी उलटी करून अस्तराच्या बाजूने शिवायचं. चित्र खाली तोंड करून असतं, आपल्याला दिसतात फक्त आधीच्या टिपांच्या खुणा. ह्या कामाला मला १६ नंबरची सुई लागली, एरवी १४.

मागच्या रविवारी कड शिवून गोधडी पहिल्यांदा आत्याच्या अंगावर घातली. ती झोपाळ्यापासून निघाली. 'उशी'वर तळहात बराच वेळ होता. मग खण, भिंत, मागचं दार, एक, दोन, तीन, चार, विहीर. पायऱ्यांबद्दल काही बोलली नाही. परत वर येऊन कौलांवर गेली. कौलं म्हणजे आडव्या ओळी आणि त्यांत छोट्या उभ्या टिपा, वरच्या ओळीतली खालच्या ओळीच्या मध्यावर. ती ओळी मोजायला लागली.

"अकरा? चौदा होत्या."

"वन्सं, कापड तेवढंच होतं हो," आई म्हणाली.

"चालेल. आणि पागोळ्या?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. आत्या बोटाने कौलांच्या शेवटच्या ओळीखालची जागा चाचपत होती, कौलं संपतात आणि ओटी सुरू व्हायची असते ती बोटभर पट्टी. "इथे ना रे, पागोळ्या पडून पडून अंगणात खळगे झाले होते, ओळीने. त्यावरून मला कळायचं, पुढे ओटीची पायरी आहे."

आईने पेन्सिल घेतली. खळगे वर्तुळाने दाखवायचे की नुसत्या गाठीने, ह्यावर मंगळवारपर्यंत चर्चा झाली. गाठी ठरल्या. पागोळ्यांच्या उभ्या टिपांना जाड दोरा लागेल, करडा. तो आज रामआळीतून आणलाय. बॉबीन भरून झाली आहे, गोधडी उलटी करून मशीनवर चढवली आहे. आता चहा घेऊन बसतोच.